हवा की स्प्रिंग? आधी फोर्कला एक केबल टाय बांधा

पत्राचा गोषवारा: लिहिणारे गृहस्थ ५१ वर्षांचे, वजन ९२ किलो. दीड वर्षापूर्वी त्यांनी ३४ हजारांची इलेक्ट्रिक सायकल घेतली. मागच्या हबमध्ये २५० वॉटची मोटर, खालच्या नळीवर बॅटरी, पुढे १०० मिलिमीटर दबणारा स्प्रिंगचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), साडेसत्तावीस इंची चाकं, २.१ इंच रुंद टायर, वजन २३ किलो. माणिकबागेहून शिवाजीनगरला रोज ऑफिस, जाऊन-येऊन साधारण १७ किलोमीटर, पाठीवर लॅपटॉपची बॅग. रविवारी सकाळी पत्नी (वजन ५६ किलो) तीच सायकल घेऊन खडकवासल्याला जाते. टायरमध्ये पेट्रोल पंपावर ६० पीएसआय हवा भरून घेतात. तक्रारी तीन: खड्ड्यात आणि स्पीडब्रेकर उतरताना पुढून ‘खट्’ आवाज येतो, ऑफिसात पोचेपर्यंत करंगळ्या बधिर होतात आणि संध्याकाळी कंबर धरते. पुतण्या म्हणतो, एअर फोर्क टाका, स्प्रिंग म्हणजे भंगार. दुकानदार म्हणतो, एअरच्या नादी लागू नका, सील गेलं की बसाल. एअरचे १४ हजार सांगितलेत, स्प्रिंगच्या नव्या फोर्कचे साडेपाच. ‘खर्च एकदाच करायचाय. हवा की स्प्रिंग, एका शब्दात सांगा,’ असं त्यांचं म्हणणं.

एका शब्दात मागितलंत म्हणून एका शब्दात: हवा. पण हा शब्द खिशात घालून उद्याच दुकानात गेलात, तर १४ हजार अक्षरशः हवेत जातील आणि तीनपैकी एक तक्रार तर नक्कीच, बहुधा दोन, जागच्या जागी राहतील. म्हणून आधी पंधरा दिवस थांबा. तेवढ्यात घरच्या घरी करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला खर्च जवळपास नाही.

तुम्ही तिन्ही दुखण्यांचं खापर पुढच्या फोर्कवर फोडलंय. कंबरेपुरतं तरी ते चुकीचं आहे. तुम्ही ९२, सायकल २३, बॅग चार, मिळून ११९ किलो. अशा ताठ बसायच्या सायकलवर यातला साधारण ४० टक्के भार पुढच्या चाकावर पडतो आणि ६० टक्के मागच्यावर. म्हणजे पुढे ४८ किलोच्या आसपास, मागे ७१. मागे सस्पेन्शन काहीच नाही, शिवाय मोटरचं वजन चाकाच्या मधोमध. चेंबरच्या खोल बसलेल्या झाकणावरून मागचं चाक गेलं की तो दणका टायर, रिम, फ्रेम, सीटचा दांडा असा थेट तुमच्या मणक्यात. पुढे कितीही भारीतला फोर्क लावा, या दणक्याच्या वाटेत तो येतच नाही.

कंबरेचा पहिला इलाज टायरमध्ये आहे. ६० पीएसआय खूप झाली. टायरच्या कडेवर छापलेला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे ‘एवढी भरा’ असा हुकूम नव्हे, ती वरची मर्यादा आहे. पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याला मात्र तोच आकडा दिसतो. तुमच्या वजनाला आणि २.१ इंची टायरला मागे ४५ आणि पुढे ३८ पासून सुरुवात करा. दोन दिवस चालवा, मग तीन-तीन पीएसआयने उतरत जा. टायरवर लिहिलेल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ नका. किती उतरायचं ते खड्डा सांगतो. खड्ड्यात रिम टेकल्याचा टणका जाणवला, किंवा पंक्चर काढताना ट्यूबला शेजारी-शेजारी दोन छिद्रं दिसली, की तीन-चार पीएसआय परत चढवा. त्या दोन छिद्रांचा अर्थ ट्यूब रिम आणि रस्त्याच्या मध्ये चिमटली, खिळाबिळा काही लागलेला नाही. घरात घड्याळवाला उभा पंप ठेवा आणि दर आठवड्याला तपासा.

दुसरा इलाज सस्पेन्शनचा सीटपोस्ट. नळीत नळी सरकणारा साधा प्रकार तुमच्या वापराला पुरतो, त्याला ३० ते ५० मिलिमीटरची हालचाल असते. घेण्याआधी जुना पोस्ट बाहेर काढून त्यावर कोरलेला व्यास वाचा: २७.२, ३०.९, ३१.६ असा काहीतरी असेल. अंदाजाने घेतलेला पोस्ट पाव मिलिमीटरने सैल निघाला तरी तो रोज थोडा-थोडा खाली सरकतो. २७.२ चा पोस्ट जाड नळीत बसवायला मधली पट्टी, म्हणजे शिम, मिळते. उलटं करता येत नाही. आत्ता सीट खूप खाली असेल, तर हा पोस्ट बसणारच नाही. सीटखाली नळीच्या बाहेर दहाबारा सेंटीमीटर जागा लागते, तीही मोजून जा.

करंगळ्यांचं कारण बहुधा अर्धं फोर्क आणि अर्धं बसणं आहे. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची नस तळहाताच्या बाहेरच्या गादीतून जाते, आणि हँडलवर नेमकी तीच गादी दाबली जाते. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल, तर माणूस पुढे घसरत राहतो आणि ती घसरण हातांनी अडवतो. सीटवर गजपट्टी ठेवून ती सपाट करा. स्टेम म्हणजे हँडल धरणारा तुकडा, त्याच्याखालच्या रिंगा वापरून हँडल दोन सेंटीमीटर वर घ्या. तळहाताला टेका देणाऱ्या रुंद ग्रिप घाला, कोपर ताठ ठेवू नका. सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा तासन् तास राहत असेल किंवा रात्री झोपेत हात मुंग्यांनी भरत असेल, तर मेकॅनिकचा नाद सोडून डॉक्टरांना दाखवा.

आता ‘खट्’.

हा आवाज चार ठिकाणांहून येऊ शकतो. सर्वांत स्वस्तापासून सुरुवात करू. हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं त्या हेडसेटमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला असेल. एका हाताने पुढचा ब्रेक घट्ट दाबा, दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटची खालची वाटी आणि फोर्कचा माथा यांच्या सांध्यावर गुंडाळा, आणि सायकल पुढे-मागे हलवा. बोटांखाली काही सरकतंय असं वाटलं, तर चोर सापडला. २३ किलोची सायकल २५ च्या वेगावरून रोज शंभरदा पुढच्या ब्रेकने थांबवली की हेडसेट सैल होणारच. काम दहा मिनिटांचं आहे. स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट सैल करा (बहुतेक ४ किंवा ५ मिलिमीटरची ॲलन की), मग वरच्या टोपीचा बोल्ट अगदी थोडा, एक अष्टमांश फेरा आवळा, प्ले तपासा, लागला तर पुन्हा एवढाच. पुढचं चाक उचलल्यावर हँडल अडखळत असेल तर जास्त झालं. शेवटी हँडल चाकाच्या रेषेत आणून बाजूचे बोल्ट आलटून-पालटून आवळा, ५ ते ६ न्यूटन-मीटर. क्रम इथे महत्त्वाचा आहे. बाजूचे बोल्ट सैल न करता नुसती टोपीच आवळत राहिलात, तर प्ले तसाच राहतो आणि टोपीच्या बोल्टाचे आटे जातात.

तीच हालचाल पुन्हा करा. या वेळी बोटं जिथे चकचकीत दांडा खालच्या जाड पायात शिरतो तिथे ठेवा. इथे केसभर प्ले स्वस्त फोर्कमध्ये नवा असतानाही असतो, त्याने घाबरू नका. पण डोळ्यांना दिसण्याइतका हलत असेल, किंवा दांड्यावर उभे ओरखडे नि गंजाचे खड्डे पडले असतील, तर दांडा ज्यांत सरकतो ते आतले बुश संपले. स्वस्त फोर्कचे बुश बदलण्यापेक्षा फोर्क बदललेला परवडतो.

तिसरी जागा म्हणजे फोर्क उसळून वर आदळणं. हँडल धरून पुढचं चाक झटक्यात जमिनीवरून उचला. तोच ओळखीचा ‘खट्’ आला, तर दाबलेली स्प्रिंग मोकळी होताना तिला आवरणारं आत कोणी नाही. स्पीडब्रेकर उतरताना येणारा तुमचा आवाज हाच असावा असा माझा अंदाज आहे. पुढे त्यावर बोलायचंच आहे.

चौथी, फोर्क तळाला टेकणं. हे कानाने ठरवू नका, मोजा. एक बारीक केबल टाय घ्या आणि डाव्या चकचकीत दांड्याभोवती बांधा, बोटाने सरकेल पण आपणहून घसरणार नाही इतपत. सरकवून खालच्या सीलला टेकवा. आता ऑफिसच्या बॅगेसकट, भिंतीचा आधार घेऊन, ब्रेक न दाबता सायकलवर अलगद बसा. उसळू नका. तसेच अलगद उतरा. सील आणि टाय यांच्यात जेवढं अंतर पडलं तेवढा तुमच्या नुसत्या वजनाने फोर्क दबतो, याला सॅग म्हणतात. १०० मिलिमीटरच्या फोर्कला शहरात १५ ते २० मिलिमीटर सॅग ठीक. मग टाय परत सीलला टेकवून रोजच्यासारखे ऑफिसला जा आणि पोचल्यावर पुन्हा मोजा. असं पाच दिवस करा, आकडे वहीत लिहा. एक सावधगिरी: पुष्कळ फोर्कमध्ये चकचकीत भाग १०० पेक्षा जास्त दिसतो, म्हणून टाय माथ्याला लागायची वाट पाहू नका. ९५ च्या पुढे गेला की टेकलाच समजा.

सॅग ३० च्या वर आणि टाय रोज ९५ ला, असं असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. सॅग वीस आणि टाय आठवड्यातून एखाद्या दिवशी टोकाला, असं असेल तर स्प्रिंग बरोबर आहे आणि आवाज वरच्या तिघांपैकी कोणाचा तरी आहे. ९२ किलोला पहिली शक्यता जास्त, कारण या किमतीच्या सायकलींत मधल्या वजनाच्या माणसाचा अंदाज धरून एकच स्प्रिंग घातलेली असते. डाव्या पायावरची प्लास्टिकची घुंडी फिरवून ती कडक होते असा समज आहे. होत नाही. ती घुंडी, म्हणजे प्रीलोड, स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवते. त्यामुळे फोर्क दबायला उशिरा सुरुवात करतो आणि सॅग जरा कमी दिसतो, पण पुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबायला पूर्वीइतकंच बळ लागतं. खड्ड्यात तळ गाठायचा तो गाठतोच. खरा इलाज जास्त कडक स्प्रिंग. काही मॉडेलांना ती मिळते, पण सायकलबरोबर आलेल्या स्वस्त फोर्कसाठी शोधून सापडणं अवघड.

हवेचा फायदा नेमका इथे आहे. पोलादी स्प्रिंग पहिल्या दहा मिलिमीटरला जेवढं बळ मागते, तेवढंच जादा बळ पुढच्या दर दहाला मागते. हवेचं गणित वेगळं. हातपंपाचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबून दट्ट्या रेटून पाहा. पहिला अर्धा सहज जातो, शेवटचा चतकोर दगड होतो. फोर्कमधली हवाही निम्म्या जागेत कोंडली की तिचा दाब दुप्पट होतो. म्हणून एअर फोर्क तळाला सहजासहजी टेकत नाही. दुसरं म्हणजे वजनाप्रमाणे दाब बदलता येतो. ९२ किलोला एक, ५६ किलोला दुसरा. तुमच्या घरात एकाच सायकलवर बसणाऱ्या दोघांच्या वजनात ३६ किलोंचा फरक आहे. माझं पारडं हवेकडे झुकलं ते याच आकड्यामुळे.

पुतण्याचं मात्र सगळं खरं धरू नका. बारीक, सतत येणाऱ्या थरथरीत चांगली स्प्रिंग हवेपेक्षा मऊ चालते. सिग्नलआधीचे जाड पांढरे पट्टे, पेठांमधले पेव्हर ब्लॉक, काँक्रिट रस्त्याचे सांधे ही ती जात. हवा कोंडून ठेवायला घट्ट सील लागतात, सील दांड्याला धरून ठेवतात, आणि लहान धक्क्याला फोर्क हलायच्या आतच पट्टा संपतो. ही थरथर खरं तर टायरने गिळायची असते, म्हणून टायर वर आधी सांगितलं. ‘एअर हलका असतो’ हेही खरं, अर्धा किलो किंवा थोडा जास्त फरक पडतो. पण ११९ किलोंच्या तुमच्या वरातीत अर्धा किलो कोणाला कळणार? वजन जिन्यावरून उचलायचं असेल तर बॅटरी काढून न्या, फोर्कपेक्षा कितीतरी जास्त ओझं उतरेल. लॉकआउटचं, म्हणजे फोर्क दबू न देणाऱ्या खटक्याचंही तसंच. पायाची ताकद फोर्क दाबण्यात वाया जाऊ नये म्हणून चढावर तो लावतात. तुमच्याकडे मोटर आहे, चार वॉट गेले तर जाऊ द्या. लॉक लावून खड्ड्यांतून गेलात, तर स्वस्त फोर्कमध्ये लॉकच तुटतो.

आणि आता ज्याबद्दल पुतण्याही बोलला नाही आणि दुकानदारही, ते तेल. स्प्रिंग असो वा हवा, तिचं काम दबणं आणि परत येणं. किती वेगाने दबायचं आणि किती सावकाश परत यायचं, हे दुसऱ्या पायातलं तेल ठरवतं. बारीक छिद्रातून तेल जायला वेळ लागतो, तोच हा लगाम. तो नसेल तर खड्डा ओलांडल्यावर पुढचं चाक चेंडूसारखं उसळतं, हँडल तळहातावर उलटं आपटतं, आणि ब्रेक दाबला की नाक खाली. हवा भरलेला पण तेल नसलेला फोर्क हे सगळं करेल, आणि स्प्रिंगपेक्षा जोरात करेल, कारण दबलेली हवा जास्त जोराने उसळते. ‘खट्’ आणि करंगळ्या दोन्हींवर खरा उतारा इथे आहे. म्हणून माझ्या क्रमात तेल पहिलं, वजनाला जुळणं दुसरं, हवा की स्प्रिंग तिसरं.

दुकानात ओळखायचं कसं? फोर्कवर वजन टाकून पूर्ण दाबा आणि एकदम सोडा. टुण्णकन उसळला तर तेल नाही किंवा नावापुरतं आहे. उजव्या पायाच्या तळाशी रिबाउंडची, म्हणजे परतीचा वेग ठरवणारी, घुंडी असते, बऱ्याचदा लाल. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. एका टोकाला फोर्क आळसावल्यासारखा सावकाश उठला पाहिजे, दुसऱ्या टोकाला चटकन. फरकच कळत नसेल तर ठेवून द्या. अक्षरांनी फसू नका. सन्टूर कंपनीच्या फोर्कवर एमएलओ म्हणजे नुसता यांत्रिक लॉक, एचएलओ म्हणजे तेलाने चालणारा लॉक. ‘हायड्रॉलिक’ हा शब्द इथे लॉकला लागलेला आहे, परतीच्या वेगाला लगाम घालता येतो असं त्याने सिद्ध होत नाही. एलओआर लिहिलेल्यात लॉकही असतो आणि रिबाउंडही.

तर निवड अशी. पंधरा दिवसांच्या वहीत स्प्रिंग मऊ ठरली, आणि १४ हजारांच्या फोर्कमध्ये कामाचं रिबाउंड आहे, दांडे किमान ३२ मिलिमीटरचे आहेत, इलेक्ट्रिक सायकलला चालतो असं कंपनी सांगते, तर घ्या. १४ हजारांत नाव नसलेला, लगाम नसलेला एअर फोर्क मिळत असेल, तर त्यापेक्षा साडेपाच हजारांचा तेलवाला स्प्रिंग फोर्क बरा, अट एकच: कडक स्प्रिंग बसवून मिळाली पाहिजे. तीही मिळत नसेल, तर जुन्याच फोर्कवर टायर आणि सीटपोस्ट सुधारून एक पावसाळा काढा. आणि वहीत स्प्रिंग बरोबरच ठरली, चाक उचलल्यावर खट्कनही झालं नाही, तर फोर्कवर एक रुपयाही घालू नका.

मापं मोबाइलमध्ये फोटोसकट घेऊन जा. सध्याची स्टिअरर नळी (फोर्कची फ्रेममधून हँडलपर्यंत जाणारी) सरळ एक पूर्णांक एक अष्टमांश इंची, म्हणजे २८.६ मिलिमीटर आहे, की खाली दीड इंचापर्यंत रुंद होणारी? जाडी वेगळी असेल तर फोर्क फ्रेममध्ये जाणारच नाही. पुढच्या चाकाचा एक्सल ९ मिलिमीटरचा क्विक रिलीज आहे की १५ मिलिमीटरचा आरपार दांडा? आहे त्यापेक्षा वेगळा घ्यायचा तर हब, म्हणजे पर्यायाने चाक, बदलावं लागतं आणि १४ हजारांचे वीस होतात. डिस्क ब्रेकचा कॅलिपर बसायची जागा जुळते का? फोर्कची हालचाल १०० मिलिमीटरचीच ठेवा. ‘१२० चा स्टॉकमध्ये आहे’ म्हणाले तर नको म्हणा. वीस मिलिमीटर उंच फोर्कने हँडलचा कोन साधारण एक अंशाने मागे पडतो, सायकल वळायला आळशी होते, आणि फ्रेमच्या नाकावर जास्त ताण येतो. स्टिअरर कापताना वरच्या रिंगांसाठी दोन सेंटीमीटर जादा ठेवायला सांगा, कापलेली नळी परत वाढत नाही. इलेक्ट्रिक सायकलचं आणखी एक: ब्रेकच्या खटक्यातून मोटर बंद करणारी वायर, डिस्प्लेची वायर आणि दिव्याची वायर हँडलवरून खाली येतात. बसवून झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून एकही वायर ताणली जात नाही हे तुम्ही स्वतः बघा. सायकल वॉरंटीत असेल, तर फोर्क बदललेला चालतो का हे कंपनीकडून लेखी घ्या.

दुकानदाराची ‘सील गेलं की बसाल’ ही भीती निराधार नाही. स्प्रिंग हळूहळू म्हातारी होते, सांगून-सवरून. एअरचं सील एखाद्या सकाळी दगा देतं, फोर्क बसतो आणि ऑफिसला रिक्षा. म्हणून किमतीत शॉक पंपही धरा. तो वेगळा असतो, बारीक नळीचा, ३०० पीएसआयपर्यंत जाणारा. फोर्कचा व्हॉल्व्ह स्कूटरच्या टायरसारखाच दिसतो म्हणून पेट्रोल पंपावर मोह होतो. तिथे हवा मारू नका. फोर्कमधली जागा एखाद्या ग्लासाएवढीही नसते, ती क्षणात भरते आणि दाब कुठे गेला ते कळत नाही.

भरायची पद्धत अशी. फोर्कच्या पायावर छापलेल्या तक्त्यातून तुमच्या वजनाचा आकडा घ्या, निम्मी हवा भरा, हँडल दाबून फोर्क दहाएक वेळा खाली-वर करा म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांत हवा वाटली जाते, मग काटा उतरलेला दिसेल, उरलेली भरा, पुन्हा दहा वेळा. नंतर केबल टायने सॅग मोजून पाच-पाच पीएसआयने जुळवा. तक्ता हा अंदाज, सॅग हे उत्तर. पंप काढताना येणारा फुस्स आवाज पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो, फोर्कच्या नाही. दुसऱ्या दिवशी पंप परत लावला की फोर्कमधलीच थोडी हवा नळीत शिरते आणि काटा पाच-दहा पीएसआय कमी दाखवतो. ‘रोज हवा उतरते’ असं म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण रोज पंप लावून ती स्वतःच उतरवत असतात. तीन आठवड्यांनी एकदा पुरे. ऋतूचाही थोडा फरक पडतो. जानेवारीत पहाटे १२ अंशाला भरलेले ८० पीएसआय एप्रिलच्या ३८ अंशांत आपोआप ८८ च्या घरात जातात.

सर्व्हिसचं आधी विचारा, फोर्क नंतर घ्या. रॉकशॉक्स ही फोर्क बनवणारी कंपनी खालचे पाय उतरवून साफ करायला दर ५० तासांनी सांगते. तुमच्या धावण्याला ते दोन-अडीच महिने होतात. तो हिशेब डोंगरातल्या चिखलाचा आहे. डांबरी रस्त्यावर वर्षातून दोनदा चालेल, एकदा मेअखेर पावसाच्या तोंडावर आणि एकदा पाऊस संपल्यावर. खंडेनवमीला हार घालण्याआधी केलीत तर तारीखही लक्षात राहील. दुकानात नेमकं विचारा: पाय खाली उतरवता का, सीलखालच्या फोमच्या रिंगा तेलात भिजवून बसवता का, नवं तेल मोजून घालता का? ‘वरून ग्रीस मारून देतो’ हे उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा, आणि पुण्यात दुसरं सापडेपर्यंत एअर घेऊ नका.

पावसात घरी आल्यावर दांडे कोरड्या फडक्याने पुसा. गंज काढायचा स्प्रे सीलवर मारू नका, तो आतलं ग्रीस धुऊन काढतो. वॉशिंग सेंटरचा फवारा सीलवर, हबवर आणि बॅटरीच्या खाचेवर धरू देऊ नका. फोम भिजावा म्हणून सायकल रात्रभर उलटी ठेवायचा जुना उपाय चांगला आहे, पण तुमच्या सायकलचा सगळा भार तेव्हा डिस्प्लेवर येईल. डिस्प्ले काढून ठेवा, नाहीतर हे करूच नका.

फोर्कला हातभार तुम्हीही लावायचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) मार्गदर्शक सूचनांतला गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, ताशी २५ ने ओलांडण्यासाठी बेतलेला. तो कोणत्याही फोर्कला पेलतो. सोसायट्यांच्या दारातले हातभर रुंद टोकदार उंचवटे कोणत्याच फोर्कला पेलत नाहीत. थ्रॉटल आल्यापासून लोक सायकलवर स्कूटरसारखे बसून राहतात, सगळा भार सीटवर. स्कूटरला मागेही शॉकअप असतो, तुमच्या सायकलला नाही. उंचवट्याआधी ब्रेकला जरा हात लावा म्हणजे मोटर सुटेल, पेडल समांतर करा आणि गुडघे वाकवून सीटवरून दोन बोटं उठा.

याच प्रश्नावर अडलेल्या इतरांसाठी थोडं. वजन ६० किलोच्या आत असेल, तर आलेली स्प्रिंग बहुतेक वेळा फारच कडक असते, फोर्क जेमतेम ४० मिलिमीटर वापरला जातो, आणि हवेचा फायदा तुम्हाला सगळ्यात जास्त. पुढे टोपली लावून दूध-भाजीची ने-आण करणाऱ्यांनी, किंवा जवळपास सर्व्हिस नसलेल्यांनी, स्प्रिंगच ठेवावी. किंवा साधा, न दबणारा पोलादी चिमटा आणि फोर्कमध्ये मावेल तेवढा रुंद टायर, जो दिसतो त्याहून कितीतरी चांगला चालतो. मोटर पुढच्या चाकात असेल, तर सस्पेन्शन फोर्क घेताना दहादा विचार करा. ओतीव हलक्या धातूच्या पायांच्या खाचा मोटरच्या पिळाने फाकतात किंवा तडकतात, आणि चाक सुटलं तर सावरायला वेळ मिळत नाही. तिथे पोलादी चिमटा आणि टॉर्क आर्म, म्हणजे मोटरचा एक्सल फिरू न देणारी पट्टी.

राहिला तुमच्या घरातला रविवार. एअर घेतलात तर दोन आकडे काढून ठेवा. पत्नीचा दाब तुमच्या दाबाच्या साधारण साठ टक्के येईल, म्हणजे तुम्हाला १०० लागले तर त्यांना ६० पासून सुरुवात, आणि सॅग त्यांच्या वजनाने मोजून पक्का. दाब उतरवला की रिबाउंडही मोकळं करावं लागतं, नाहीतर कमी दाबाची हवा फोर्कला वेळेत वर आणू शकत नाही आणि एकापाठोपाठच्या खड्ड्यांत तो दबलेलाच राहतो. घुंडी पूर्ण बंद करून तिथून किती टिचक्या मोकळी केली ते दोघांचं मोजा. दाब आणि टिचक्या, दोघांचे मिळून चार आकडे कागदाच्या पट्टीवर लिहून सीटच्या खालच्या अंगाला पारदर्शक टेपने चिकटवा. पंप मारायला दोन मिनिटं लागतात, शनिवारी रात्रीच उरकून घ्या.